उसना हात

सगुणाबाईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा गावाला वाटलं, म्हातारीचं तोंड तरी आता गप्प होईल. तसं झालं नाही. डावा हात गेला, डावा पाय गेला, ओठाची एक कड खाली ओघळली, पण शिव्या होत्या तशाच राहिल्या. उलट वाकड्या ओठातून त्या जरा जास्तच धारेनं निघू लागल्या. आणि त्यातल्या सगळ्यात धारेच्या, थोरल्या सुनेच्या वाट्याच्या. नीलम्माच्या.

नीलम्मा राहायची मागल्या अंगणात, गोठ्याला लागून असलेल्या खोलीत. पूर्वी तिथं सरकीची पेंड आणि कडबा असायचा. नवरा, शिवप्रकाश, ट्रॅक्टर उलटून गेला, त्यानंतर कितीतरी महिने तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. जिची ओवी ऐकायला लग्नघरच्या बाया हळदीचं जातं मुद्दाम सावकाश ओढायच्या, ती बाई चुलीपुढं नुसती बसून राहायची. दूध उतू गेलं तरी तिला दिसायचं नाही. सोनपेठच्या दवाखान्यात आया असलेल्या कुसुमबाईनं तिला हाताला धरून रविवारच्या प्रार्थनेला नेलं. पत्र्याच्या खोलीत पंधरा-वीस माणसं, एक ढोलकी, एक टाळ. तिथं दुसऱ्यांचं गाणं चाललेलं असताना मध्येच नीलम्माचा गळा उघडला. कसा, ते तिलाही कळलं नाही. पाटाचं पाणी अडलेलं असावं आणि कुणी दारं मोडावं, तसं आतलं सगळं बाहेर आलं. कुणी विचारलं तर तिला एवढंच सांगता यायचं, की गळा जिथं उघडला तिथं मी डोकं ठेवलं.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं गोदावरीत बाप्तिस्म्याची डुबकी घेतली आणि गळ्यातलं लिंग उतरवलं. प्रार्थनेची माणसं म्हणाली, सोड नदीत. तिच्यानं ते झालं नाही. ते तिनं पांढऱ्या कापडात गुंडाळून घरी आणलं आणि सासूच्या ओंजळीत ठेवलं, शेजीचं भांडं परत करावं तसं. सगुणाबाईनं ते भिंतीतल्या देवळीत ठेवलं, पुढं दिवा लावला, आणि त्या दिवसापासून सुनेचं नाव तोंडातून काढून टाकलं. नीलम्मा नाही, सूनबाई नाही. किरिस्तावणी.

धाकटा दीर विरुपाक्ष, सोनपेठला किराणा दुकान चालवायचा. त्यानं घर आणि मागल्या अंगणाच्या मधल्या दाराला कडी लावली. वैनी म्हणणारा माणूस, तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी डब्यात नेणारा, आता तिच्या सावलीला वळसा घालून जाऊ लागला. गावानंही हात आखडले नाहीत. गिरणीवाला तिची ज्वारी सगळ्यात शेवटी घ्यायचा, आणि दळून झाल्यावर तिच्यादेखत जात्यावर पाणी शिंपडायचा. नळावर तिची घागर भरली की बाया तोटी घासून घ्यायच्या. पोरं कोपऱ्यावरून ओरडायची, हालेलुया, किती डॉलर आले? ती हसली तर म्हणायची, बघा, माजलीय. रडली असती तर म्हणाली असती, बघा, पस्तावली.

सोनपेठचे पास्टर चंद्रभान एकदा म्हणाले होते, आपलं मिशन म्हणजे लांब कुठं नाही. ज्या घरात आपल्याला पाणी मिळत नाही, तेच आपलं मिशन. नीलम्मानं ते पदराच्या गाठीत बांधून ठेवलं होतं. गोठ्यात शेणकूर करताना ती पुटपुटायची,

शेजी मागं उसनं, पीठ घाली वाटीभर
माझ्या गं येशूनं जीव दिला ओटीभर

बंद दारापलीकडून सगुणाबाई ओरडायची, ओवी माझ्या घरची, अन् देव दुसऱ्याचा घालायलीस व्हय गं त्यात, चोरटे.

मग वारं गेलं. म्हातारी अंथरुणाला खिळली आणि प्रश्न आला गू-मुताचा. धाकटी जाऊ शिवरंजनी चादर उचलायला गेली की तिला उमळून यायचं. विरुपाक्षानं गावात दोन-तीन बायांना विचारलं. काहीतरी सांगून त्या टळल्या. शेवटी एका सकाळी मधल्या दाराची कडी निघाली. त्यानं नीलम्माकडं न बघता सांगितलं, सकाळी अन् सांजच्याला येऊन घाण काढायची, कपडे पिळायचे, आन मुकाट माघारी जायचं. मायच्या ताटाला, तांब्याला, देवळीला हात लागला तर हात राहणार न्हाई.

नीलम्मा गेली. घाणीला धर्म लागत नव्हता, तो फक्त तांब्याला लागत होता. तिनं म्हातारीला कुशीवर वळवलं, कोमट पाण्यानं पुसलं, पाठीला खोबरेल लावलं. सगुणाबाई भिंतीकडं तोंड करून शिव्या देत राहिली आणि शिव्यांच्या मध्येच म्हणाली, जरा खाली चोळ, तिथं न्हाई, खाली. मग पुन्हा शिव्या.

खरी अडचण घाणीची नव्हतीच. ती वेगळीच निघाली.

लिंगायताचा देव देवळात नसतो, गळ्यात असतो. सकाळी आंघोळ करायची, कपाळाला भस्म लावायचं, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, उजव्या हातानं त्याला पाणी, भस्म, बेल वाहायचा, डोळे लावून बघत बसायचं. मग अन्न. सगुणाबाईनं हे आयुष्यात एक दिवस चुकवलं नव्हतं. पोरं झाली त्या दिवशी नाही, थोरला गेला त्या दिवशीही नाही. आणि आता डावा तळहातच मिटला होता. बोटं आत मुडपलेली, मूठ अशी घट्ट, की उघडू गेलं तर म्हातारी कळवळायची.

विरुपाक्ष म्हणाला, पाटावर ठेवू. ती म्हणाली, पाटावर बसतोय तो दगुड, तळहातावर बसतोय तो देव. तो म्हणाला, उजव्या हातावर घे, बेल आमी वाहतो. यावर तिनं जे सांगितलं ते पुढं फार कामाला येणार होतं, पण दाराआडच्या नीलम्माखेरीज कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. ती म्हणाली, “आसन उसनं चालतंय. भक्ती उसनी चालत न्हाई.”

म्हणजे तळहात दुसऱ्याचा चालेल, बेल मात्र तीच वाहणार. विरुपाक्षानं हात पुढं केला. तिनं हुंगला आणि ढकलला, गुटक्याचा वास. तो चिडून दुकानाला निघून गेला. मग शिवरंजनीनं हात धरला. दोन सकाळी निभल्या. तिसऱ्या सकाळी गॅसवर दूध, हातात लिंग, कानाला मोबाइल. दूध फसफसलं, ती वळली, आणि लिंग तिच्या तळहातावरून घरंगळून फरशीवर पडलं.

नुसता टक्कन आवाज झाला. पण लिंगायताच्या घरात तो आवाज काय असतो, ते लिंगायतालाच कळतं. शिवरंजनी मटकन खाली बसली. सगुणाबाईनं डोळे मिटले, ते संध्याकाळपर्यंत उघडले नाहीत. लिंग धुवून, पुसून म्हातारीच्या गळ्यात बांधलं. पण त्यानंतर शिवरंजनीचा हात त्या जागी यायलाच तयार होईना. भावकीतल्या बायांनी पदर सावरत सांगितलं, आमाला न्हाई झेपत तो जिम्मा, पुन्हा पडलं तर आमच्या लेकराबाळांवर येईल.

मठाचे आप्पा आले. भला माणूस. खाटेजवळ बसून त्यांनी समजावलं, आजारपणात मनानं पूजा केली तरी पोचते. शिव रागावत नाही. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आप्पा, मनातल्या मनात जेवून तुमचं पोट भरतंय का?”

आप्पा हसले, पण उठताना त्यांचा चेहरा उतरलेला होता. कारण त्या दिवसापासून सगुणाबाईनं दात मिटले. पूजा नाही तर घास नाही. पाण्यानं ओठ ओले करू द्यायची, बस. परभणीहून आणलेल्या डॉक्टरनं नाकात नळी घातली. ती तिनं चांगल्या हातानं उपटून फेकली. डॉक्टर विरुपाक्षाला बाजूला घेऊन म्हणाला, पोटात काही गेलं नाही तर औषधं नुसती जाळतील, मग मला दोष देऊ नका.

नीलम्माला हे सगळं बंद दाराआडून कळत होतं. आणि सकाळ-संध्याकाळ ती पाठ चोळायची तेव्हा तळहाताला कळायचं, की बरगड्या एकेक करून वर यायला लागल्यात.

एका सकाळी पुसून झाल्यावर ती म्हणाली, आत्याबाई, माझा हात घ्या. सगुणाबाईनं उशाचा पितळी तांब्या उचलला आणि जितका जोर होता तितक्या जोरानं फेकला. तो भुवईवर बसला. रक्त आलं. नीलम्मानं तांब्या उचलून जागेवर ठेवला, मग आठवलं की तांब्याला हात लावायचा नाही. पण ठेवून झाला होता.

रविवारी भुवईला पट्टी लावून ती एसटीनं सोनपेठला गेली. प्रार्थना झाल्यावर तिनं पास्टरांना गाठलं आणि विचारलं, मी माझा हात सासूच्या पूजेला धरला तर चालेल का. मी काही म्हणणार नाही, वाहणार नाही. नुसता हात.

चंद्रभान बराच वेळ ढोलकीची दोरी आवळत राहिले. ते वाईट नव्हते. घाबरलेले होते. खोलीचा मालक खोली सोडा म्हणत होता, दर रविवारी समोर मोटारसायकली लावून चार जण व्हिडिओ काढत उभे राहायचे. ते म्हणाले, बहीण, तू मूर्तीला हात देणार. उद्या गाव म्हणणार, बघा, एक परत आली. मग बाकीच्या घरांवर दबाव येणार, तू फिरलीस तर तुमी का न्हाई म्हणून. नीलम्मा म्हणाली, प्रभूनं आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले. त्याला धरून देणाऱ्याचे पण धुतले, ठाऊक होतं तरी. चंद्रभान म्हणाले, “पाय धू की. कोण न्हाई म्हणतंय? पाय धू, पण त्या दगडाखाली हात घालू नको.”

कुसुमबाई तिला स्टँडापर्यंत सोडायला आली. बस लागली तेव्हा म्हणाली, “मी तुला आणलेली हाय. माझं नाक कापू नको.” आणि वळून गेली.

खिडकीतून हुरड्यावर आलेली ज्वारी मागं पळत होती. नीलम्मानं डोळे मिटून काही मागायचा प्रयत्न केला. ओठांवर जुनीच सवय आली.

सासूच्या शिव्या बाई, वेचते मी फुलावाणी
वेचता वेचता गं, एक बोचे सुईवाणी

गावच्या फाट्यावर उतरली तर पारावरची माणसं बोलायची थांबली. मग एक जण मोठ्यानं दुसऱ्याला म्हणाला, म्हातारीचं तोंड कुणी बांधलंय ते आता कळायलंय. गावात बोलणं असं पिकलं होतं, की म्हातारी जेवत नाही ती किरिस्तावणीच्या मंत्रानं. उपाशी पाडून मरणाला टेकवायची, मग शेवटच्या घटकेला पाणी शिंपडून आपल्यात ओढायची. पाठ चोळायचं निमित्त. ज्यांनी घाण काढायला हात दिला नव्हता, त्यांनीच हे पिकवलं होतं.

विरुपाक्ष दारातच उभा होता. त्यानं कडीत कुलूप घातलं, तिच्यासमोर. म्हणाला, “आजपासून तुजा हात मायच्या घाणीला बी लागायचा न्हाई. ती मेली तर तुज्या खोलीला आधी आग लावीन, मग तिला माती देईन.”

सोनपेठहून पगारी बाई येणार होती. ती एक दिवस आली, म्हातारीच्या शिव्या खाल्ल्या, आणि जी गेली ती परत आली नाही. भिंतीपलीकडून आधी वास आला. मग शिव्या बारीक होत गेल्या. मग थांबल्या. ते थांबणं नीलम्माला तांब्यापेक्षा जोरात लागलं. ती गाईपुढं वैरण टाकायची, आणि कान भिंतीला. शिवी ऐकू यावी म्हणून तिनं देवाजवळ हात जोडले. असं मागणं तोवर त्यानंही कुणाकडून ऐकलं नसेल.

एका दुपारी, विरुपाक्ष दुकानात असताना, कुलूप वाजलं. शिवरंजनी दारात उभी होती, डोळे सुजलेले, किल्ली पदराखाली. म्हणाली, आक्का, जा. मी काय बगितलं न्हाई, मी गिरणीला गेलेय. आणि खरंच रिकामा डबा उचलून ती गिरणीला निघाली.

सगुणाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती. नीलम्मानं पाणी तापवलं, चादर काढली, पुसलं, कोरडं केलं, स्वच्छ पातळ गुंडाळलं. अंग इतकं हलकं झालं होतं की वळवताना भीती वाटली. उशाला तिनं भस्माची वडी बघितली, शेवटच्या पूजेचा वाळून गेलेला बेल बघितला. परसात बेलाचं झाड होतंच. तिनं ताजी त्रिदळं आणली, धुतली, ताटलीत ठेवली. मग हात धुतले, खाटेजवळ गुडघ्यावर बसली आणि डावा तळहात पुढं केला.

म्हातारीचा चांगला हात तांब्याकडं गेला. तांब्या तिला उचलला नाही.

“तू मनात काय म्हणशील?” तिनं विचारलं. आवाज फुंकरीएवढा.

“माझ्या देवाचं नाव घेईन, आत्याबाई. तुमच्याशी खोटं बोलणार न्हाई.”

“मग माझ्या लिंगाखाली तुझा देव घालायचाय व्हय तुला?”

“मला काय घालायचं न्हाई. तुमीच म्हणालता, आसन उसनं चालतंय. मीठ सरलं तर आपण नेतोच की शेजीचं. तिच्या घरात कोणता देव हाय ते बघून मीठ खारट-अळणी होतंय का?”

तांब्याकडं गेलेला सगुणाबाईचा हात खाटेवर परत आला. सगळ्या गावात उसन्याची कडक रीत कुणी पाळत असेल तर ती होती. कुणाची वाटी तिच्या घरातून कधी रिकामी परत गेली नव्हती. पीठ आणलेल्या वाटीत परतताना चार दाणे तरी, मिरची तरी. रिकामं भांडं परत करणारी बाई तिच्या लेखी निसवलेली, लाज सोडलेली. आणि हाताबद्दलही तिची एक जुनी खूण होती. नीलम्मा नवी नवरी म्हणून आली तेव्हा तिला पूजा शिकवताना सासूच म्हणाली होती, हिचा हात पाळण्यासारखा हाय, पण हालत न्हाई. ते दोघींनाही आठवत होतं.

“पाडलंस तर?”

“न्हाई पाडत.”

“तुझा पास्टर काय म्हणला?”

“नको म्हणला.”

म्हातारीनं पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडं बघितलं. भुवईवरची खपली बघितली. “म्हंजे तिकडं बी तुला कुणी ठेवायला न्हाई,” ती म्हणाली, आणि वाकड्या ओठात हसू होतं की विखार, ते सांगता येत नव्हतं. “ठेव हात. ताठ ठेव.”

तिनं स्वतःच्या हातानं गळ्यातली चांदीची डबी उघडली, बोटांनी लिंग काढलं आणि सुनेच्या तळहातावर ठेवलं. काळं, गुळगुळीत, सुपारीहून थोडं मोठं. ते गार होतं. नीलम्माला वाटलं होतं, तिथं आपल्याला काहीतरी होईल. चटका बसेल, नाहीतर जुनी ओढ येईल. तसं काही झालं नाही. तिला फक्त सासूची बोटं जाणवली, बेल ठेवताना आपल्या तळहाताला लागणारी, सुकलेल्या शेंगेसारखी. पाण्याचे थेंब तळहाताच्या रेषांतून मनगटाकडं आले. म्हातारी शिवाचं नाव घेत होती, अडखळत. सून तिच्या देवाला म्हणत होती, मला दुसरं काय येत नाही, हा हात हालू देऊ नको. खांदा भरून आला, गुडघे बधिर झाले. सगुणाबाईनं पूजेत काही घाई केली नाही. उलट जितकी लांबवता येईल तितकी लांबवली.

मग लिंग परत डबीत गेलं, आणि ती म्हणाली, भूक लागलीय.

दुधात कुस्करलेली भाकरी नीलम्मानं चमच्या-चमच्यानं भरवली. ओघळलेल्या कडेनं थोडी बाहेर यायची. ती पुसून पुन्हा भरवायची. वाटी संपल्यावर म्हातारीनं उशाखाली चाचपलं, कागदात बांधलेला गुळाचा खडा काढला आणि सुनेच्या त्याच तळहातावर ठेवला.

नीलम्मा थबकली. तिच्या लोकांत देवापुढचं खायचं नसतं.

“निवेद न्हाई,” सगुणाबाई म्हणाली. “विरूच्या दुकानातला हाय. उसनं भांडं रिकामं द्यायची रीत न्हाई माझ्या घरात. गीळ, अन् तोंड काळं कर.”

तिनं तो तिथंच खाल्ला.

गिरणीवरून येताना शिवरंजनीनं कुणाला सांगितलं, की पलीकडच्या माळवदावर वाळवण घालणाऱ्या बाईनं खिडकीतून बघितलं, ते कळलं नाही. पण संध्याकाळच्या आत गावाच्या मोबाइलवर बातमी फिरली. किरिस्तावणी वळली, लिंग हातात घेतलं, सासूच्या पायावर पडली. विरुपाक्ष भावकीतली चार माणसं घेऊन आला. कुणाच्या हातात हार होता, कुणी नारळ आणला होता. ज्या माणसानं रविवारी खोली जाळायची भाषा केली होती, तो दारातून ‘वैनी’ म्हणत आत शिरला. पण त्या हाकेत मायेपेक्षा जिंकल्याचा ताठा होता. त्यानं सगळं झटपट मांडलं. झालं गेलं गंगेला. आप्पांना उद्या बोलावतो. आज घरच्या घरी लिंग बांधायचं, मागली खोली सोडायची, पुढच्या घरात राहायचं, नळावर कोण काय म्हणतंय ते मी बघतो. असं म्हणत तो देवळीपाशी गेला आणि दिव्यामागचं पांढरं कापड काढलं. तिचंच लिंग, तिचाच दोरा. एकानं मोबाइल वर धरला.

नीलम्मा खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकून उभी होती. पुढचं घर, नळ, वैनी. एवढं सगळं एका दोऱ्याला बांधून तिच्यापुढं धरलेलं होतं, आणि तिला त्यातल्या कशाचीच गरज नव्हती असं नव्हतं.

“भावजी,” ती म्हणाली, “मी हात दिलाय. गळा दिलेला न्हाई.”

मग विरुपाक्षाचा चेहरा असा फिरला, की मोबाइलवाला मागं सरकला. म्हणजे माझ्या मायच्या देवाला बाटवलंस, तो म्हणाला, बाटवलंस अन् वर तोंड करून सांगायलीस. त्यानं तिचा दंड धरला, दुसऱ्या हातात दोरा. मान खाली दाबली. हार आणलेल्या माणसानं दुसरा खांदा धरला.

“विऱ्या.”

खाटेवरून आलं ते. पोटात वाटीभर भाकरी गेलेल्या बाईचा आवाज होता तो, दुपारच्यासारखा फुंकरीचा नव्हता.

“तिचा हात मोडला तर उद्या मी कशावर पूजा करू? तुझ्या टकलावर?”

एक जण हसला आणि लगेच खोकला. सगुणाबाईनं डोळे छताला लावले होते. ती कुणाकडं बघत नव्हती, सुनेकडं तर नाहीच. तिनं सांगितलं, मी काय बोलले होते ते एकाच्या बी डोक्यात राहिलं न्हाई. आसन उसनं चालतंय, भक्ती उसनी चालत न्हाई. जिच्या मनात न्हाई तिच्या गळ्यात बांधलेलं लिंग म्हंजे गाईच्या गळ्यातली घंटा. माझ्या देवाची घंटा करायलास व्हय? ठेव ते देवळीत. आन ती बाटगी हाय ती बाटगीच राहू दे, मला तिचं तोंड बघायची हौस न्हाई. हात तेवढा लागतोय.

विरुपाक्षानं दंड सोडला. पण हार मानणारा तो नव्हता. लिंग त्यानं रागारागानं देवळीत ठेवलं. जाता जाता त्यानं कायदा सांगितला: सकाळी कडी निघेल. हात आत येईल, बाई नाही. घरात एक शब्द बोलायचा नाही, पाणी मागायचं नाही, नळावर माझं नाव घ्यायचं नाही. माय गेली की त्याच दिवशी ती खोली रिकामी. आणि हारवाल्या माणसानं बाहेर जाताना हार तिच्या उंबऱ्यावर टाकला, चपलेनं रगडून.

रात्री कुसुमबाईचा फोन आला. तिकडं सोनपेठला पण व्हिडिओ पोचला होता. अर्धाच, लिंग पुढं केलेला, तिचं बोलणं नसलेला. कुसुमबाई रडत होती की रागावली होती, ते कळत नव्हतं. पास्टर म्हणतेत, काही दिवस येऊ नको. नीलम्मानं सांगायचा प्रयत्न केला की पुढं मी काय बोलले. फोन आधीच बंद झाला होता. ती अंधारात बसून राहिली. गाय रवंथ करत होती. ओवीची एक ओळ आली, दुसरी आली नाही.

हात माझा उसना, नेते आणि देते बाई

सकाळी थंडी मुरलेली होती. तिनं धार काढली, परसात जाऊन बेल तोडला, हात राखेनं घासून धुतले. मधलं दार बंदच होतं. ती त्याच्यापुढं उभी राहिली. वाजवायची तिला परवानगी नव्हती. आत भांड्यांचा आवाज, शिवरंजनीची पावलं, विरुपाक्षाचं खाकरणं. कुणी कडीकडं येत नव्हतं. ऊन भिंतीवरून खाली उतरलं. तिला वाटलं, रातोरात ठरलं असेल काहीतरी. ताटलीतला बेल मान टाकायला लागला.

मग आत पितळी तांब्या जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला. एकदा, पुन्हा एकदा, पुन्हा. आणि वाकड्या ओठातून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, म्हातारी ओरडली,

“ए किरिस्तावणी, कुठं मेलीस? माझा हात घेऊन ये.”

कडी निघाली. नीलम्मानं ओला तळहात पदराला पुसला आणि ती आत गेली.